लडाखला जा, पण लडाख अंगाला लागू देऊ नका

लडाखच्या टूरचे पैसे भरलेत ना? मग ऑक्सिजनची काळजी सोडा, ती दुसऱ्यांसाठी असते.

मुंबईत समुद्राच्या पातळीला झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर, लेहला उतरतो. टूर मॅनेजर हात जोडून सांगतो, की पहिले दोन दिवस आराम करा, पाणी पीत राहा, धावपळ करू नका. त्याचं मनावर घेऊ नका. तुम्ही दर रविवारी पर्वती चढता, हे त्या पोराला काय ठाऊक? खोलीत बॅग टाका आणि थेट शांती स्तूपाच्या पायऱ्या गाठा. रात्री डोकं ठणकलं, मळमळलं, झोप उडाली, की म्हणा, ‘पित्त झालंय.’ आपल्याकडे पित्ताला जी प्रतिष्ठा आहे ती उंचीला कुठून येणार!

ग्रुपमध्ये एक निवृत्त इंजिनिअर असतातच. ‘हवेत ऑक्सिजनचा टक्का इथेही एकवीसच असतो, कमी असतो तो हवेचा दाब,’ हे ते समजावून सांगतील आणि वाक्य संपायच्या आत धाप लागून दगडावर बसतील. मुद्दा मात्र बरोबर आहे हो. तोवर काकूंच्या पर्समधून कापराची पुरचुंडी निघालेली असेल. ती आळीपाळीने हुंगा. कापराने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, पण देवघराचा वास आला की माणसाला धीर येतो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तीही त्याच पर्समधून घ्या. डॉक्टरांना विचारलं तर ते तुमची बाकीची औषधं, मूत्रपिंड वगैरे नसत्या चौकशा करत बसतील.

खारदुंग ला ही खिंड म्हणजे टूरचा कळस. तिथे जास्त वेळ थांबू नका असं सांगतात, म्हणूनच पाटीसमोरची रांग सोडायची नाही. आधी जोडीने फोटो, मग एकट्याने, मग सगळ्या ग्रुपचा, आणि त्यात काकांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा. ‘जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता, 18,380 फूट’ अशी ही पाटी वर्षानुवर्षं फोटोंत मिरवत आली आहे. खिंडीची मोजलेली उंची साधारण 17,580 फूट भरते, आणि उमलिंग लाचा रस्ता तर 19,000 फुटांच्याही वर जातो. पण हे तिथे बोलू नका. लोकांचे स्टेटस टाकून झालेले असतात, आठशे फूट खाली कोण उतरणार?

(स्टेटसवरून आठवलं: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. हे घरून निघताना कुणाला सांगू नका, म्हणजे ज्याच्याकडे पोस्टपेड आहे त्याचा हॉटस्पॉट आणि त्याची दमछाक, दोन्ही बघायला मिळतात.)

पँगाँग सरोवराचं पाणी निळं असतं. ते पाहून झालं, की सिनेमातल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवर पैसे मोजून बसा आणि जेवायला चला. साधारण सव्वाचार हजार मीटरवर श्रीखंड-पुरी वाढणाऱ्या आचाऱ्याला शाबासकी देऊ नका. वरणातली डाळ टचटचीत का राहिली, ते विचारा. तिथे पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही, असं तो सांगेल. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे उत्तर पुरे. तिथला नूडल्सचा थुक्पा चाखायला हरकत नाही, फक्त गोडा मसाला हवा होता असं म्हणायला विसरू नका.

अंघोळीला दोन बादल्या गरम पाणी मागा. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. जुलैत मुंबईत तेवढा एका दिवसात पडतो आणि आपण त्याला शिव्या घालतो. शेतीसकट सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फावर, म्हणून तर तिथल्या जुन्या घरांत पाण्याविना चालणारे कोरडे संडास बांधलेले. पण आपण पैसे मोजलेत. दुसरी बादली कोमट निघाली तर रिसेप्शनवर जा आणि ‘ज्युले’ म्हणून आपल्याला नमस्कार करणाऱ्या मुलीला उलट नमस्कार न करता सुनवा.

राहता राहिला परतीच्या आदल्या रात्रीचा अभिप्रायाचा फॉर्म. तो मन लावून भरा. निसर्ग: ठीक. चहा: पातळ. पुढची सीट: दोनदा त्याच जोडप्याला मिळाली, पुरावा म्हणून फोटो जोडला आहे. आणि ‘सुधारणेस वाव’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहा: पुढच्या वेळी उंची थोडी कमी करता आली तर बघावे.