बाप-लेक एकत्र खेळले? नाही!

‘आइसलँडचा फुटबॉल स्ट्रायकर आयडुर गुडयॉनसन वडिलांसोबत देशासाठी खेळला’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. अर्धंच खरं आहे. 24 एप्रिल 1996 रोजी टालिनमध्ये एस्टोनियाविरुद्ध दोघंही उतरले, पण एकाच वेळी नव्हे. दुसऱ्या सत्रात 34 वर्षांचे वडील आर्नोर बाहेर आले आणि त्यांच्याच जागी 17 वर्षांचा आयडुर आत गेला. म्हणजे सोबत एक मिनिटही नाही! पुढे युवा संघाच्या सामन्यात आयडुरचा घोटा मोडला. तो सावरेपर्यंत वडिलांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपत आली होती. क्लब फुटबॉलमध्ये चेल्सीकडून दोन लीग विजेतेपदं, बार्सिलोनाकडून 2009ची चॅम्पियन्स लीग, सगळं त्याला मिळालं. वडिलांचा पास तेवढा नाही.