‘एन्क्रिप्ट केली की डिस्क निम्म्या स्पीडने चालते’: आधी मोजणी तपासा

हा मेसेज वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो, पण गाभा तोच. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात डेटा ठेवला, की स्पीड निम्मा होतो. पटत नसेल तर एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स करा, दुसरं एन्क्रिप्ट करा आणि लिनक्सच्या डीडी कमांडने दोन्हींवर शून्यं लिहून बघा. एन्क्रिप्शन हवंच असेल तर २५६ ऐवजी १२८ बिटची की (किल्ली) ठेवा, स्पीड दुप्पट मिळेल. नाहीतर एसएसडीचं स्वतःचं हार्डवेअर एन्क्रिप्शन वापरा, ते फुकट पडतं.

गंमत अशी की फिरत्या डिस्कवर ही चाचणी केली तर आकडा खरोखरच निम्म्याच्या जवळ येऊ शकतो. त्यात एन्क्रिप्शनचा हात मात्र जवळजवळ नसतो.

मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कवर बाहेरच्या ट्रॅकचा घेर मोठा, म्हणून त्यात सेक्टर जास्त मावतात. एका फेरीला वेळ तेवढाच लागतो, पण बाहेर तेवढ्याच वेळात जास्त डेटा वाचला जातो. डिस्कच्या सुरुवातीला सेकंदाला २०० एमबी देणारी डिस्क शेवटाकडे १०० च्या आसपास उतरते. पहिलं पार्टिशन बाहेर बसतं, दुसरं आत. शंका असेल तर उलट करा: पहिलं एन्क्रिप्ट करा, दुसरं साधं ठेवा. आता साधं पार्टिशन ‘स्लो’ निघेल.

डीडीने शून्यं लिहिण्यात तर दोन घोळ आहेत. पहिला, नुसता डीडी चालवला की डेटा आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो आणि कमांड खुशाल रॅमचा स्पीड छापते. शेवटी एफडेटासिंक हा पर्याय लावला तरच डेटा डिस्कवर पोचेपर्यंतचा वेळ धरला जातो. दुसरा घोळ शून्यांचा. फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल, किंवा एसएसडीत जुन्या सँडफोर्ससारखा डेटा दाबून लिहिणारा कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप) असेल, तर शून्यं लिहायला काहीच लागत नाही. तीच शून्यं एन्क्रिप्ट झाल्यावर रँडम दिसतात, आणि कंट्रोलरला ती दाबता येत नाहीत. म्हणजे फुगलेला आकडा साध्या डिस्कचा असतो आणि दोष येतो एन्क्रिप्शनवर. शून्यांऐवजी यूरँडम (लिनक्सचा रँडम डेटा देणारा स्रोत) वापरा असंही कुणी सुचवतं. वेगवान एसएसडीवर तेही नको, कारण तिथे रँडम डेटा तयार करण्याचाच स्पीड मोजला जातो. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क हे स्पीड मोजणारं टूल वापरत असाल तर टेस्ट डेटा ‘रँडम’च ठेवा, शून्यांचा पर्याय निवडू नका.

लिनक्सवर लक्स ही डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत वापरत असाल, तर नेमकं मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. लॉक उघडलं की एकाच जागेला दोन दारं मिळतात: मूळ पार्टिशन, जिथून एन्क्रिप्टेड डेटा जसाच्या तसा वाचता येतो, आणि मॅपरखालचं डिव्हाइस, जिथे तोच डेटा उलगडून मिळतो. सेक्टर तेच, ट्रॅक तेच, फरक फक्त एन्क्रिप्शनचा. एफआयओ हे डिस्कचा स्पीड मोजणारं टूल घ्या. रीड मोड, ब्लॉक साइज १ एमबी, आयओ-डेप्थ ३२, इंजिन लिबएआयओ, डायरेक्ट १, ऑफसेट १० जीबी, वेळ ६० सेकंद, आणि न विसरता रीडओन्ली. हे आधी मूळ पार्टिशनवर चालवा, मग मॅपरवर. दोन्हीकडे तीन-तीन फेऱ्या घ्या आणि मधला आकडा धरा. मग ब्लॉक साइज ४ केबी करून रँडम रीडची जोडी चालवा. एसएसडीवर त्या जागी खरा डेटा हवा. ट्रिम झालेला (म्हणजे एसएसडीला ‘आता वापरात नाही’ असं कळवलेला) रिकामा भाग वाचायला सांगितला तर कंट्रोलर फ्लॅशला हात न लावताच शून्यं परत करतो.

लिहिण्याची चाचणी मात्र फाइल सिस्टिममधल्या एका मोठ्या फाइलवरच करा. मूळ पार्टिशनवर राइट चालवलं तर सुरुवातीचा लक्स हेडर (जिथे की साठवलेली असते) पुसला जातो, आणि मग पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोग नाही. हेडरचा बॅकअप आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केल्या केल्या राइट मोजू नका. एसएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) पोर्टेबल डिस्कवर तोपर्यंत कॅशचा पट्टा भरलेला असतो आणि राइट स्पीड कोसळतो. डिस्क तासभर निवांत राहू द्या. विंडोजचं एन्क्रिप्शन म्हणजे बिटलॉकर वापरणाऱ्यांनी मॅनेज-बीडीई कमांडचं स्टेटस बघून एन्क्रिप्शन १०० टक्के झालंय ना, ते आधी पाहावं.

क्रिप्टसेटअपच्या (लक्स सांभाळणाऱ्या कमांडच्या) बेंचमार्कचा आकडा हा डिस्कचा स्पीड नव्हे. ते फक्त मेमरीत चालतं, आणि कमांड स्वतःच तसं छापते. पण त्यातून हिशेब मांडता येतो. एईएस-एक्सटीएसला (डिस्कसाठीच्या नेहमीच्या एन्क्रिप्शन पद्धतीला) सेकंदाला २,००० एमबी दिसत असतील आणि यूएसबी डिस्क १२० एमबी देत असेल, तर प्रोसेसरच्या एका कोअरचा सहा टक्के वेळ जातो. डिस्कच्या स्पीडवर त्याचा परिणाम दिसणार नाही. एईएसचा हिशेब झटपट करणाऱ्या खास सूचना (इन्स्ट्रक्शन्स) इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून येऊ लागल्या. त्या नसतील तिथे मात्र मेसेज खरा ठरतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरमध्ये त्या नाहीत, ५ मध्ये आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर सीपीयूइन्फो या फाइलमध्ये ‘एईएस’ फ्लॅग शोधा. सीपीयूचा प्रकार केव्हीएम६४ ठेवला असेल, तर खाली प्रोसेसर कितीही नवा असला तरी तो फ्लॅग आत पोचत नाही. एईएस नसलेल्या मशीनवर गूगलने २०१९ मध्ये आणलेलं एडियंटम हे एन्क्रिप्शन वापरून बघा.

१२८ बिटने स्पीड दुप्पट? एईएस-१२८ ला १० राउंड (हिशेबाच्या फेऱ्या) लागतात, २५६ ला १४. दुप्पट होण्याचा प्रश्नच नाही. शिवाय एक्सटीएसमध्ये कीचे दोन भाग होतात, त्यामुळे लक्समध्ये ‘५१२ बिट’ दिसलं तर ते एईएस-२५६ च असतं.

हार्डवेअर एन्क्रिप्शन स्पीडच्या बाबतीत फुकट पडतं, हे खरं. अशी एसएसडी पासवर्ड नसतानाही सतत एन्क्रिप्टच करत असते. पण २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेल्समध्ये पासवर्डशिवाय डेटा काढता येतो हे दाखवून दिलं, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरचा डिफॉल्ट सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनवर आणला.

मग निम्म्याच्या जवळ जाणारा फटका कधीच बसत नाही का? बसतो, वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर, छोट्या रँडम कामांत. २०२३ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने सॅमसंग ९९० प्रो वर बिटलॉकर तपासलं, तेव्हा काही कामांत ४५ टक्क्यांपर्यंत घट निघाली. इथे डिस्कचं उत्तर इतक्या लवकर येतं की प्रत्येक ४ केबीमागचा एन्क्रिप्शनचा जास्तीचा वेळ उठून दिसतो. लिनक्सवर यातला बराचसा वेळ एईएसचा नसून डीएम-क्रिप्टच्या (लक्समागे काम करणाऱ्या कर्नलमधल्या भागाच्या) रांगांचा असतो. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने २०२० मध्ये ते दाखवलं आणि ५.९ कर्नलपासून रीड व राइटच्या या रांगा (वर्कक्यू) बंद करण्याची सोय आली. क्रिप्टसेटअपमध्ये त्यासाठी ‘पर्फ-नो-रीड-वर्कक्यू’ आणि ‘पर्फ-नो-राइट-वर्कक्यू’ असे पर्याय आहेत. सोबत पर्सिस्टंट दिलं की लक्स२ च्या हेडरमध्येच नोंद राहते. फिरत्या डिस्कवर याच्या वाटेला जाऊ नका. नवीन लक्स२ बनवताना सेक्टर साइज ४,०९६ दिलात तर ५१२ च्या तुलनेत हिशेबाचे तुकडे आठपटीने कमी होतात.

काही महिन्यांनी राइट स्पीड हळूहळू घसरला तर ट्रिम तपासा. लक्सवर डिस्कार्ड (ट्रिमची सूचना डिस्कपर्यंत पोचवणं) मुळात बंद असतं. चालू केलंत तर कोणते ब्लॉक रिकामे आहेत एवढं बाहेरच्याला कळतं. ते चालत असेल तर अलाउ-डिस्कार्ड्स लावा आणि एफएसट्रिम आठवड्यातून एकदा चालू द्या.