तारीख कोणाच्या हातात द्यायची?

आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र कादंबरी लिहून राहिला आहे. तिचं कथानक त्यानं सांगितलं आणि तेव्हापासून नागपूरच्या शंकरनगर चौकाजवळच्या आमच्या कोपऱ्यावर दुसरा विषय निघत नाही. कादंबरीत एक यंत्र आहे. त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि माणसाचा दवाखाना, पगार, पत्ता अशी सगळी नोंद भरायची. मग मरणाची तारीख छापून येते. कशानं मरणार ते कळत नाही, पण तारीख चुकत नाही. नायकाला कळतं, आपली तीन वर्षं उरली. ती तो कशी घालवतो, ही गोष्ट.

विमावाले काका तर्रीची प्लेट बाजूला ठेवून म्हणाले, "नायक राहू दे बे. पहिल्याच दिवशी माझा धंदा बसते, ते लिही ना."

काकांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. विमा चालतो तोच मुळी अज्ञानावर. चाळिशीच्या हजार माणसांतले वर्षभरात साधारण किती जातील, याचा अंदाज कंपनीला असतो. त्यातला नेमका कोण जाईल, हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून हजार जण थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याचं घर सावरतं. मास्तरांनी भर घातली की धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनं 1693 साली ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला होता. आजचा प्रीमियम त्याच वाटेनं ठरतो. तारीख कळली की वीस लाखांच्या पॉलिसीला जवळपास वीस लाखच भरावे लागतील. मग तो विमा कसला?

"पण सर्टिफिकेट दाखवायची सक्ती नाहीये," लेखकमहाशय म्हणाले. "माझ्या कादंबरीत सरकारनं तसा कायदा केलाय. ज्याची तारीख त्याच्यापाशी."

काका हसले नाहीत. "कायदा कर ना बाप्पा. पण ज्याची तारीख लांबची आहे तो स्वतःहून कागद घेऊन येईल. म्हणेल, साहेब, मला सूट द्या. त्याला दिली, की दुसरा येईल. जो येणार नाही त्याच्याबद्दल मी काय समजू?"

मला वाटतं, कादंबरीचा गाभा इथं आहे. यंत्र सक्तीचं असायची गरजच नाही. चांगली तारीखवाले आपण होऊन कागद दाखवू लागले, की न दाखवणं हेच उत्तर होऊन बसतं. मग बँक गृहकर्जाआधी विचारेल, नोकरी देणारा विचारेल, घरमालकसुद्धा विचारेल. कायद्यानं तोंड बंद केलं तरी नजर बंद होत नाही. अमेरिकेनं 2008 साली जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये म्हणून कायदा केला. त्यात आरोग्य विमा आणि नोकरी आली, पण जीवन विमा बाहेर राहिला. म्हणजे जिथं मरणाचाच हिशोब होतो, तेच दार उघडं.

मास्तर मात्र ठाम होते. फिजिक्स शिकवण्यात हयात गेलेला माणूस. "माहिती वाईट कशी असेल? मी पेन्शनवर जगतोय. पंच्याहत्तरीला जायचंय की पंच्याण्णवला, हे ठाऊक असतं तर पैसा तसा वापरला असता. आणि आयसीयूत शेवटच्या पंधरा दिवसांपायी लोक शेत विकतात, ते थांबेल." हा मुद्दा हलका नाही. विदर्भात दवाखान्यापायी वावर गेलेलं घर ज्यानं पाहिलं आहे, त्याला मास्तरांवर चटकन वार करता येणार नाही.

त्यांनीच डेन्मार्कचा दाखला काढला. तिथल्या संशोधकांनी साठेक लाख लोकांच्या सरकारी नोंदी वापरून 'लाईफ टू व्हेक' नावाचं संगणकाचं मॉडेल बनवलं आणि डिसेंबर 2023 मध्ये ते प्रसिद्ध केलं. माणसाचं आयुष्य वाक्यासारखं मांडायचं: नोकरी लागली, पगार वाढला, दवाखान्यात गेला, घर बदललं. मग 35 ते 65 वयाचा माणूस पुढच्या चार वर्षांत जाईल का, ते विचारायचं. मॉडेल सुमारे 78 टक्के वेळा बरोबर निघालं. "पण सर," लेखक म्हणाला, "त्या चाचणीत अर्धे वारलेले आणि अर्धे जिवंत असेच लोक घेतले होते. नाणं उडवलं तरी 50 टक्के बरोबर येते." मास्तरांनी मान डोलावली. मात्र एक गोष्ट दोघांनीही मान्य केली. संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं की हे विमा कंपन्यांच्या हाती द्यायचं साधन नाही. ज्यांनी बनवलं त्यांनाच भीती कशाची, तर दुसऱ्या वाचणाऱ्याची.

एवढ्यात ड्युटी संपवून ताई आल्या. त्या लॅब टेक्निशियन आहेत आणि सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या करतात. गोष्ट ऐकून म्हणाल्या, "यंत्र काहून लागते? मी रोज तेच करते."

त्यांनी सांगितलं ते मी इथं नीट लिहितो, कारण आपल्याकडं हे घरोघरी आहे आणि तरी त्यावर कोणी बोलत नाही. बोटातून रक्ताचे थेंब घेऊन द्रावणात टाकतात. काही मिनिटांनी नळीच्या मागं काळ्या रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पक्कं निदान करणारी पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तेव्हा ठरतं, एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. 2023 च्या 1 जुलैला केंद्रानं जी मोहीम सुरू केली, तिचं लक्ष्य 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं निर्मूलन.

"तपासणीनंतर मिळतं ते कार्ड चांगल्यासाठीच आहे," ताई म्हणाल्या. "दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा म्हणून. पण होतं काय, पोरगी नुसती वाहक असली तरी पाहुणे परत जातात. पोराचं कार्ड कोणी मागत नाही. मग आई मला विचारते, मॅडम, रिपोर्ट नाही घेतला तर चालते का? तपासणीच टाळतात. आणि ज्या बाळाला वेळेवर औषध मिळालं असतं, ते राहून जाते."

कट्टा गप्प झाला. मला मास्तरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं सापडलं. ताईंच्या रिपोर्टनंतर करण्यासारखं काहीतरी असतं: लहानपणापासून पेनिसिलीन, लसी, पुढं हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध. म्हणून ती माहिती हवीच. यंत्राच्या तारखेनंतर करण्यासारखं काही नाही. उपाय नसलेली माहिती दुसऱ्याच्या हातात गेली, की तिचा एकच उपयोग उरतो, माणसाला आधीच वजा करायचा. हंटिंग्टन नावाच्या मेंदूच्या आजाराचं जनुक 1993 मध्ये सापडलं. चाचणी आहे, पण बरा करणारं औषध नाही. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना तो आहे, त्यांना आजाराची शक्यता निम्मी असते. तरीही बहुतेक जण चाचणी करत नाहीत. ते भित्रे नाहीत, त्यांनी विचार करून ठरवलेलं असतं.

"मग सावित्री?" मास्तर म्हणाले. "नारदानं सांगितलंच होतं, सत्यवानाचं एक वर्ष उरलंय. तिनं ऐकून लग्न केलं. माहितीमुळंच ती तयारीत राहिली, तीन रात्रींचं व्रत केलं, त्या दिवशी सोबत अरण्यात गेली."

"बरोबर," ताई म्हणाल्या. "पण तिच्या बापानं आधी काय म्हटलं? दुसरा वर पाहा. तारीख कळल्यावर पहिली प्रतिक्रिया तीच असते, सर. सावित्री हजारात एखादी. आणि सत्यवानाला कोणी विचारलं का, तुझी तारीख सांगू का म्हणून?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही, पण हारही मानली नाही. मी लेखकाला एवढंच म्हटलं की नायकाची तीन वर्षं मागं टाक. दुसरं कोणीतरी पहिल्यांदा कागद मागतं, त्या काउंटरपासून सुरू कर. वधुवर मेळावा घे, नाहीतर आपल्याच इथलं बँकेचं कर्ज घे.

त्यानं विचारलं, "आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा कागद? तो आईबापांनी उघडायचा की नाही?"

मी म्हटलं, नाही. हंटिंग्टनच्या बाबतीत अठराच्या आतल्यांची अशी चाचणी करू नये, असाच जगभरच्या तज्ज्ञांचा संकेत आहे. पोराला कळायचा हक्क आहे, तसा न कळायचाही आहे. अठरापर्यंत पाकीट बंद.

"आणि ज्याची तारीख अठराच्या आत आहे, त्याचं काय करता?" मास्तर म्हणाले. "त्याच्या आईला नाही सांगायचं?"

काका म्हणाले सांगायचं, ताई म्हणाल्या नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही. लेखकानं ते प्रकरण आधी लिहायला घेतलं आहे.