वेंगुर्ला रोडला सीमावादात ओढू नका

बेळगाव, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि हद्दीपलीकडं महाराष्ट्रातलं शिनोळी. वेंगुर्ला रोडचा हा फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा टप्पा. तो नेहमी बातमीत येतो तो भांडणासाठी, म्हणून आज जरा त्याच्याबद्दलच लिहितो.

१८१२ साली वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडं गेलं. पुढं बेळगावात त्यांची छावणी झाली. घाटावरचा कापूस बंदरात उतरायचा आणि मीठ-मासळी वर यायची ती याच बाजूनं, आधी रामघाटातून, पुढं आंबोलीतून. १८८० च्या दशकात रेल्वे आली, माल मुरगावकडं वळला आणि वेंगुर्ल्याचं बंदर मागं पडलं. रस्ता टिकला तो वाटेवरच्या गावांमुळं.

आणि मग १९५६. राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात घातला, पण चंदगड तालुका वगळून! तोवर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता, हे आपल्या नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १ नोव्हेंबरला तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि बाची-शिनोळीच्या मधून हद्द आली. कचेरीचं काम कोल्हापूरला, पण बाजार, दवाखाना, सोयरीक बेळगावलाच राहिली. राहणारच. चंदगडहून बेळगाव ४० किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर १०० च्या पुढं. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन माणूस कुठं पळेल?

आजही रताळ्यांची पोती बेळगावच्या मार्केट यार्डातच येतात. शनिवारच्या बाजाराला तिकडची माणसं इकडं येतात, शिनोळी-हलकर्णीच्या कारखान्यांत इकडची पोरं शिफ्टला जातात. मंगळवारी-शुक्रवारी मळेकरणी देवीला जाणाऱ्यांची उचगाव फाट्यावर गर्दी. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर वेगळेच. एवढा राबता असलेल्या रस्त्याची देखभाल मात्र दोन सरकारांची दोन खाती आपापल्या हद्दीपुरती बघतात. एकाचं डांबर पडतं तेव्हा दुसऱ्याचं टेंडर निघालेलं नसतं.

सीमाप्रश्नावर माझं मत लपवलेलं नाही. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोरून जाताना आजही हात जोडले जातात. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. पण तोवर रस्ता बंद करायचा हक्क कुणालाच नाही, आणि हे मी आपल्या माणसांनाही सांगतोय. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण तापलं, महाराष्ट्राच्या एसटी थांबल्या. शिनोळीला चक्काजाम झाला तरी तेच. दोन्ही वेळा रस्त्यात अडकतात ती मराठीच माणसं: डायलिसिसचा पेशंट, कॉलेजची पोरगी, रोजंदारीवर निघालेला गडी. बेंगळूरला किंवा मुंबईला त्याची झळ काय पोचते?

म्हणून मागणी साधी आहे. बेळगाव ते शिनोळी, पुढं पाटणे फाट्यापर्यंत, एकाच रुंदीचा रस्ता एकाच वेळी व्हावा. हद्दीजवळची गटारं दोन्ही खात्यांनी मिळून मिरगाआधी काढावीत. तणाव असला तरी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक बसेस पोलीस बंदोबस्तात का होईना, सुटाव्यात, आणि अँब्युलन्सला कुठल्याही आंदोलनात वाट द्यायची हे आंदोलन करणाऱ्यांनीच आधी जाहीर करावं. बेळगाव ग्रामीण आणि चंदगड, दोन्हीकडच्या आमदारांना एकदा एका टेबलाशी बसवून हे विचारायला हवं. दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून पाठवले तर त्यांना टाळता येणार नाही. उचगाव, बाची, शिनोळीतली जी मंडळी पंचायतीत आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.