खांब चार, महिने सहा

आज दुपारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सीसी लिमिट (धंदा चालवायला बँक देते त्या कॅश क्रेडिटची मर्यादा) वाढवायच्या कामासाठी बँकेची माणसं आली होती. पडद्यावर उत्पादनाचा चार्ट. खाली एप्रिल ते सप्टेंबर अशी सहा महिन्यांची नावं, वर खांब चारच. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या जागा रिकाम्या. बँकेच्या साहेबांनी पेनाच्या टोकाने हवेतच खांब मोजले आणि विचारलं, "दोन महिने माग बंद होते का?"

माग बंद नव्हते. दोन्ही पाळ्या चालू होत्या आणि दोन्ही महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये वेळच्या वेळी भरलेले होते. तरी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली ती कॉम्प्युटरवरच्या मुलीने. ती एवढंच म्हणाली, "मी भरलंय की ओ सर." अगदी खरं बोलत होती ती. म्हणूनच हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

झालं काय ते बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. जुन्यावर एक्सेलची फाइल डी ड्राइव्हवर होती, नव्यावर ती डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये गेली. स्लाइडवरचा चार्ट त्या फाइलला लिंक केलेला, म्हणजे आकडे तिथून घेणारा होता. पॉवरपॉइंट लिंक ठेवतं म्हणजे त्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं. ड्राइव्ह, फोल्डर, फाइलचं नाव, सगळं. पत्ता बदलला की लिंक तुटली. पण चार्ट पुसला जात नाही! शेवटचे वाचलेले आकडे पॉवरपॉइंटने स्वतःजवळ ठेवलेले असतात, तेच ते दाखवत राहतं. खरी गोम इथे आहे. स्लाइड कोरी झाली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ती जुलैपर्यंतचे चार खांब घेऊन ठणठणीत उभी राहिली.

फाइल उघडताना पॉवरपॉइंट विचारतं की यात दुसऱ्या फाइलच्या लिंक आहेत, अपडेट करू का? आपल्याकडे जो तो कॅन्सल दाबतो. व्हायरस असेल म्हणून, नाहीतर घाई म्हणून. मेलवरून आलेली फाइल तर प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते, तिथे एनेबल एडिटिंग दाबेपर्यंत लिंक हलतच नाही. हे त्या पोरीला कुणी कधी सांगितलं होतं? कुणीच नाही. महिन्याच्या पगारात आकडे भरायचे, स्लाइडही करायच्या आणि मालकाच्या शिव्याही खायच्या.

आता नीट वाचा. एक्सेलमधला चार्ट कॉपी करून स्लाइडवर राइट क्लिक केलं की पेस्टची पाच चिन्हं दिसतात. पहिली दोन एम्बेडची, पुढची दोन लिंक डेटाची, शेवटचं चित्राचं. दर महिन्याला बदलणाऱ्या चार्टला लिंक डेटाच घ्या. त्यात रंग आणि फॉन्ट पॉवरपॉइंटमध्ये राहतात, फक्त आकडे एक्सेलमधून येतात. त्यामुळे नंतर एक्सेलमध्ये खांब निळे केले तर स्लाइडवर ते निळे होणार नाहीत, त्याला बिघाड समजू नका.

एम्बेड मात्र सांभाळून. त्यात नुसता चार्ट जात नाही, अख्खी वर्कबुक स्लाइडच्या पोटात जाते. समोरच्याने चार्टवर राइट क्लिक करून एडिट डेटामधून एडिट डेटा इन एक्सेल दाबलं की तुमची सगळी शीट्स त्याच्यासमोर. कुठल्या पार्टीला काय रेट दिला, सूत कितीला घेतलं, कामगारांची मजुरी किती, सगळं. परदेशातल्या खरेदीदाराला अशी फाइल मेल करणारे कारखाने आपल्याच गावात आहेत. चादरीच्या भावात चार आणे सोडायचे नाहीत आणि पूर्ण हिशेब फुकट वाटायचा, हा कुठला व्यवहार?

मान्य आहे, चित्र चिकटवलं तर काहीच तुटत नाही. पण ते बदलतही नाही, म्हणजे दर महिन्याला कुणीतरी विसरणारच.

चार्टसाठी एक्सेलमध्ये वेगळं शीट करा. रोजच्या नोंदींच्या शीटला चार्ट थेट जोडू नका, तिथे रोज ओळी वाढतात आणि चार्टची रेंज वाढत नाही. चार्टच्या शीटवर एप्रिल ते मार्च अशा बाराच ओळी ठेवायच्या, समोर नोंदींतून महिन्याची बेरीज आणणारं सूत्र. न आलेल्या महिन्याला शून्य येऊ देऊ नका, सूत्रातून एनए(), म्हणजे इंग्रजीत NA(), ‘आकडा नाही’ अशी खूण आणा. रेषेच्या चार्टमध्ये शून्य आलं की रेषा धाडकन तळाला जाते आणि बघणाऱ्याला वाटतं धंदा बसला. एकदा लिंक केल्यावर शीटचं नाव बदलायचं नाही. "ऑगस्ट फायनल नवीन" अशा कॉप्या तर अजिबात करायच्या नाहीत, कारण लिंक जुन्याच फाइलकडे बघत राहते.

आणि हे एक काम केलं असतं तर आज पेन हवेत गेलंच नसतं. त्या शीटच्या पहिल्या सेलमध्ये शेवटच्या नोंदीची तारीख आणा. तो सेल कॉपी करून स्लाइडवर कंट्रोल-ऑल्ट-व्ही, मग पेस्ट लिंक, एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट. चार्टच्या कोपऱ्यात तारीख दिसू लागते. लिंक तुटली तर तिथे ३१ जुलै तसंच राहील आणि बँकेच्या आधी आपल्यालाच कळेल. पहिलाच सेल घ्या म्हणतोय, कारण ही लिंक ओळ आणि रकाना मोजून ठेवते. पॉवरपॉइंट बंद असताना वरती ओळ घातली की भलताच सेल दिसतो.

मीटिंगच्या दिवशी आधी एक्सेल उघडायची, आकडे बघून सेव्ह करायची. मग पॉवरपॉइंट. फाइल, इन्फो, उजवीकडे खाली एडिट लिंक्स टू फाइल्स. प्रत्येक लिंक निवडून अपडेट नाऊ. ऑटोमॅटिक लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, चार्ट पुष्कळदा स्वतःहून हलत नाही. पत्ता चुकला असेल तर तिथेच चेंज सोर्स आहे. बाहेर पाठवायची असेल तर आधी कॉपी करा आणि त्या कॉपीत ब्रेक लिंक. मूळ फाइलमध्ये ब्रेक लिंक दाबलंत तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

गूगल स्लाइड्स वापरणाऱ्यांचीही सुटका नाही. तिथे शीटमधून घेतलेल्या चार्टवर अपडेटचं बटण येतं, ते दाबेपर्यंत जुनेच आकडे राहतात. टूल्समध्ये लिंक्ड ऑब्जेक्ट्स उघडून अपडेट ऑल करायचं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मालकही वाईट माणूस नाही, सुताच्या भावाने आणि लाइट बिलाने आधीच कावलेला आहे. पण "दोन महिने माग बंद होते का" हे ऐकताना त्या मुलीचा चेहरा त्यांनी बघितला नाही.

फाइल आज संध्याकाळीच नीट झाली. चेंज सोर्स, नवा फोल्डर, अपडेट नाऊ, दोन मिनिटं लागली. दोन खांब वर आले, ऑगस्टचा सगळ्यात उंच. सोमवारी मालक तीच स्लाइड घेऊन बँकेत जाणार आहेत. जाताना तिलाही बरोबर न्या, साहेब.