युद्ध लांबणीवर पडलं, पण कोणाच्या जिवावर?
लेखात अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण राज्यांच्या गुलामीच्या वादावरच्या १८५० च्या तडजोडीचं कौतुक केलंय की त्यांच्यातलं यादवी युद्ध त्यामुळे दहा वर्षं लांबणीवर पडलं, मला अजिबात नाही पटलं. कॅलिफोर्निया गुलामीशिवायचं राज्य म्हणून देशात आलं ठीक, पण बदल्यात दक्षिणेला पळालेले गुलाम पकडायचा कडक कायदा दिला, त्यात अशा प्रकरणांचा निकाल देणाऱ्या कमिशनरने माणूस मालकाकडे परत पाठवला तर फी १० डॉलर आणि सोडला तर ५, म्हणजे न्यायाचा रेटच ठरवला ना! पकडलेल्याला स्वतःची साक्षही देता येत नव्हती, ज्युरी तर लांबच. १८५४ ला बोस्टनमधून पळून आलेल्या अँथनी बर्न्स या गुलामाला असंच सैनिकांच्या पहाऱ्यात व्हर्जिनियाला परत नेलं, जेमतेम विशीचा पोरगा हो. आणि त्याच वर्षी कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामी कुठवर चालेल हे ठरवणारी १८२० ची मिसुरीची रेषासुद्धा पुसून टाकली, मग कॅन्ससमध्ये गुलामीच्या बाजूचे आणि विरोधातले यांच्यात रक्तपात सुरू झालाच.