पाइप चुकवून समुद्र कसा पाहावा

पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, जेट लॅग उतरला, नायगारा झाला, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम झालं, की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराघरात समुद्राचा विषय निघतो. न्यू जर्सीला सुमारे १३० मैलांचा किनारा आहे, तेव्हा कुठेतरी चार खुर्च्या मांडायला जागा मिळेलच, असा तुमचा समज असेल. तो आधी डोक्यातून काढा. तुम्ही ज्या शनिवारी, ज्या गावात, ज्या रस्त्याच्या टोकाला जाणार, नेमकं तिथेच त्या दिवशी, लाटांनी झिजलेल्या किनाऱ्यावर पुन्हा वाळू भरायचं काम चालू असणार, असं धरूनच बेत आखा. मनस्ताप निम्मा होतो.

पाइप दिसला की बाबा “हे काय?” असं विचारणारच. उत्तर तयार ठेवा. किनाऱ्यापासून काही मैल आत एक ड्रेजर, म्हणजे वाळू उपसणारं जहाज, समुद्राच्या तळाची वाळू पाण्यासकट ओढून घेतं. मग ती जाड पोलादी पाइपांतून पुळणीवर सोडतात. काळपट राडा धो धो पडतो, पाणी परत समुद्राला मिळतं, मागे राहिलेली वाळू बुलडोझर सारखी करतात. हे चोवीस तास चालतं. साधारण हजार फुटांचा पट्टा बंद ठेवतात. तो झाला की पुढचे हजार फूट. म्हणजे आज जिथे कुंपण आहे तिथे परवा मोकळं असेल, आणि तुम्ही चार ठिकाणी चौकशी करून परवासाठी जे टोक निवडलंत तिथे कुंपण असेल. हे काम पाहणारं केंद्राचं खातं, आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्स, कामाचं वेळापत्रक जाहीर करतं. ते जरूर पाहा, त्यावरून हॉटेल बुक करा, रद्द करता येणार नाही असंच करा. मग वारा सुटतो, जहाज बंदरात जाऊन बसतं, आणि ते वेळापत्रक तुमच्या सुट्टीच्या बरोबर मधोमध येऊन थांबतं.

खोली घेताना ‘समुद्रासमोर’ हा शब्द आवर्जून मागा. जादा पैसे मोजल्याशिवाय पहाटे तीन वाजता रिव्हर्समध्ये येणाऱ्या बुलडोझरची टीं-टीं इतकी जवळून ऐकायला मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं उन्हाळ्यातच का? थंडीत का उरकत नाहीत? प्रश्न चांगला आहे आणि दर वर्षी सगळे तोच विचारतात. थंडीत अटलांटिक खवळलेला असतो. शिवाय या कामाची मोठी जहाजं मोजकी, आणि त्यांना बोलावणारी गावं अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर. समुद्रात वाळू टाकण्यात जगात डच लोकांचा हात धरणारा कुणी नाही, पण त्यांची जहाजं इथे चालत नाहीत, कारण परदेशी बांधणीच्या ड्रेजरला अमेरिकेत बंदी घालणारा १९०६ सालचा कायदा आहे. तो कुणी काढायला तयार नाही. तेव्हा जहाज मिळेल तेव्हा काम, आणि ते मिळतं तेव्हा तुमची मुलं शाळेतून सुटलेली असतात.

जर्सीच्या बहुतेक गावांत समुद्र लांबून पाहायला फुकट असतो, वाळूवर पाय ठेवायला बॅज, म्हणजे गावाचा विकतचा पास, लागतो. (अटलांटिक सिटी, वाइल्डवूड हे अपवाद, तिथे तुमचे पैसे दुसऱ्या मार्गांनी काढून घेतात.) बॅज विकत घ्या, शर्टाला लावा आणि मग कुंपणाच्या अलीकडे उभे राहून तुमच्याच पैशाची वाळू बघा. तुमच्याच म्हणण्याचं कारण असं की पहिल्या भरणीच्या वेळी दर १०० डॉलरमागे ६५ वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र, देतं, साधारण २६ राज्य देतं आणि उरलेले ९ गाव देतं. पहिल्या दोन्ही खिशांत पैसे तुमचेच. तिसऱ्यात बॅजचे. इतकं दिल्यावर किनारा सर्वांना खुला असला पाहिजे, गाडी लावायची सोय पाहिजे, अशी केंद्राची अट असते. गावं ती निष्ठेने पाळतात. पार्किंग असतं, फक्त काही ठिकाणी ते दोन तासांचं असतं, आणि शनिवारी किनाऱ्याकडे येणाऱ्या पार्कवे या महामार्गावरून यायलाच तुम्हाला दीड तास लागलेला असतो.

नवी वाळू करड्या रंगाची असते आणि तिला वासही येतो. आई नाक मुरडतील. उन्हाने ती महिन्या-दोन महिन्यांत पांढरी पडते, तोवर “खनिजं असतात, त्वचेला चांगलं” असं सांगून टाका. मुलांच्या हाती फावडी देण्यापूर्वी मात्र इथल्याच सर्फ सिटी या गावाचा इतिहास वाचा. तिथे २००७ साली भरलेल्या वाळूतून पहिल्या महायुद्धाच्या काळातला, कधीतरी समुद्रात फेकून दिलेला दारूगोळा निघाला. एक हजाराहून जास्त नग. तेव्हापासून ड्रेजरला जाळ्या बसवतात. वाळू समुद्राच्या तळाची, म्हणजे निसर्गाचीच, अशी तुमची श्रद्धा असेल तर ती इथे थोडी सैल करा.

वाळूबरोबर, वादळाला अडवायला रचलेली वाळूची टेकाडंही येतात. किनाऱ्याला समांतर, घराच्या खिडकीइतकी उंच. त्यामागे राहणारा माणूस हा या किनाऱ्यावरचा खरा दुःखी जीव, त्याच्याशी सहानुभूतीने वागा. हार्वे सीडर्स या गावात एका दांपत्याच्या घरासमोर २२ फुटांचं टेकाड उभं राहिलं, समुद्र दिसेना. ज्यूरीने त्यांना ३ लाख ७५ हजार डॉलर भरपाई दिली. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं. २०१३ मध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, टेकाडाने दृश्य गेलं ते मोजलंत, घर वाचतं तेही मोजा. अखेर तडजोड झाली, १ डॉलरवर. दृश्याला इतका अचूक भाव आजवर दुसऱ्या कुणी काढलेला नाही.

लाटांना घाबरणारी मंडळी बरोबर असतील तर त्यांच्यासाठी मार्गेटसारखी जागा नाही. टेकाडं नकोत म्हणून हे गाव न्यायालयात झुंजलं, हरलं, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात टेकाडांचं काम सुरू झालं. पावसाचं पाणी वाळूत जिरेल असं सांगण्यात आलं होतं. ते जिरलं नाही. टेकाड आणि जुनी संरक्षक भिंत यांच्यामध्ये पोटऱ्यांएवढ्या पाण्याची तळी साचली, काम काही काळ न्यायाधीशाने थांबवलं. एकाच बॅजवर तळं आणि समुद्र दोन्ही, असं पॅकेज कोकणातही मिळत नाही.

आता तक्रार कशी करावी. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही परत जाल तेव्हा रुंद पुळण अरुंद झालेली असेल. तिथे उभं राहून मोठ्याने म्हणायचं, “बघा, करोडो डॉलर पाण्यात!” कुणी इंजिनीअर जवळपास असेल तर तो सांगेल की भरतानाच वाळू जास्त टाकतात, लाटा ती पाण्याखाली पसरवतात, तिथेच ती लाटांचा जोर मोडते, हे सगळं हिशेबातच धरलेलं असतं, आणि काही गावांत तीन, काहींत सात वर्षांनी पुन्हा भरायचं हे पन्नास वर्षांच्या करारातच लिहिलेलं असतं. त्याचं ऐकू नका. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ऐकलंत तर परतीच्या गाडीत बोलायला काही उरत नाही.

त्यातही उत्तम तक्रार हवी असेल तर पार दक्षिणेला जा. वाइल्डवूडची पुळण इतकी रुंद की पाण्यापर्यंत पोचेस्तोवर सँडविच संपतं. शेजारच्या नॉर्थ वाइल्डवूडची पुळण वाहून चाललेली. समुद्र एकीकडची वाळू दुसरीकडे नेतो आणि ते गाव वर्षानुवर्षं ट्रकने ती परत आणत होतं. टेकाडं वाचवायला गावाने परवानगीविना कामं केली म्हणून राज्याने एक कोटीहून जास्त डॉलरचा दंड ठोठावला, गावानेही राज्यावर दावा लावला. समुद्राने कुणालाच नोटीस दिली नाही.

या साऱ्यामुळे तुम्ही वैतागला असाल तर आनंदाची बातमी आहे. इतक्या लोकांनी इतकी वर्षं पाइप, आवाज, वास आणि उधळपट्टी यांबद्दल बोंब मारली, ती कुठेतरी पोचली असावी. २०२५ च्या अर्थसंकल्पात वाळू भरण्यासाठी केंद्राने शून्य डॉलर ठेवले. १९९६ नंतर पहिल्यांदाच असं झालं. कुंपण नाही, टीं-टीं नाही. असं वर्ष आलं की बेधडक जा. फक्त जाण्याआधी ओहोटीची वेळ बघा, कारण भरतीला काही ठिकाणी पाणी थेट टेकाडाला लागतं आणि खुर्ची मांडायची जागा साधारण दुपारी दोन ते चार एवढीच शिल्लक असते. खुर्ची ॲल्युमिनियमची घ्या. लाकडी पाण्यात फुगते.